हौसा काळे, हजर

"आ करा. आणखी मोठा."

समोरच्या बाईने आ केला. मी बॅटरीचा उजेड आत टाकला आणि माझा हात तिथेच थांबला. वरचा डावा सुळा ओळ सोडून हिरडीत उंच चढलेला. खाली उजवीकडे एक दाढ नाही. खालच्या ओठाच्या आत तिळाएवढा काळा ठिपका. हे तोंड मी त्या सकाळी आधी दोनदा पाहिलं होतं.

"नाव काय म्हणालात?"

"तानूबाई लोखंडे," बाई म्हणाली, आणि लगेच पदर दातांत धरून खाली बघू लागली.

कार्डावरही तानूबाई लोखंडेच होतं. पहिल्या खेपेला हेच तोंड अंजिरा शेंडगे या नावाने आलं होतं. दुसऱ्या खेपेला नाव कुठलं तरी वेगळं होतं आणि अंगावर तपकिरी शाल होती. आता शाल गेली होती, पदर कपाळापर्यंत ओढलेला होता. तिला वाटत असणार, एवढं पुरे. बाकी कुणाला पुरलंही असतं. पण मी दातांची डॉक्टर. मला चेहरे लक्षात राहत नाहीत, तोंडं राहतात. लग्नात भेटलेली मावशी मी रस्त्यात ओळखत नाही. ती हसली की ओळखते.

शिवाय संशय आमच्या घरातलाच. माझे वडील एसटीत तिकीट तपासनीस होते. रात्री जेवताना त्यांनी किती जणांना पकडलं हे ऐकत मी मोठी झाले. आमच्या घरी दूधवाल्यालासुद्धा चार प्रश्न विचारल्याशिवाय भांडं पुढे होत नसे. लोक म्हणायचे, तोडकरांच्या पोरीला डोळे बापाचे आलेत. ते खरंच होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. पळसखोरी नावाचं माणदेशाकडचं कोरडं गाव, तिथल्या शाळेची खोली आणि रविवार. जिल्ह्याच्या तोंडतपासणीच्या फिरत्या गाडीवर मी कंत्राटी डॉक्टर होते. गावागावांत जायचं, बायकांची तोंडं बघायची, आणि कार्ड द्यायचं. तोंड ठीक असेल तर हिरवं, काही संशयास्पद दिसलं तर तांबडं. तांबडं घेऊन तालुक्याला पुढच्या तपासणीला जायचं. रंगांची कल्पना माझी होती. वाचता न येणाऱ्या बाईलाही कळेल असं काहीतरी हवं, म्हणून मी ती मांडली आणि वरच्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

पळसखोरीवर माझा आधीपासूनच डोळा होता. या भागात बायका पोरवयापासून मशेरी लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळ-दुपार दातांना चोळत बसायचं. अशा गावात तोंडाच्या कॅन्सरचा आकडा होता शून्य. एक नाही, अर्धा नाही, शून्य. साहेब म्हणाले होते, "मॅडम, शिलाईची कंपनी आली, रस्ता आला, विकास झाला की असले आजार आपोआप कमी होतात." मला तेव्हाच ते पटलं नव्हतं. कंपनी येऊन दीड वर्ष झालं होतं आणि बायका साठ वर्षं मशेरी लावत होत्या.

आता कोडं सुटल्यासारखं वाटलं. आकडा शून्य, कारण तोंड एकच.

वडील म्हणायचे, चोर पहिल्यांदा दिसला की धरू नये, दुसऱ्या स्टॉपपर्यंत जाऊ द्यावं. मी म्हणाले, "हिरडी जरा सुजलीय. औषध लावते." आणि जांभळ्या औषधाचा बोळा तिच्या डाव्या गालाच्या आतून फिरवला. मतदानाला बोटावर शाई लावतात तशी. ते औषध चूळ भरून जात नाही, दिवसभर राहतं.

बाईने जिभेने गाल चाचपला, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि हिरवं कार्ड घेऊन गेली.

दुपारच्या सुट्टीत छबूताई पिठलं-भाकरी घेऊन आल्या. छबूताई खाडे म्हणजे गावच्या आशाताई. बायका गोळा करायचं काम त्यांचं.

"जेवा ना मॅडम, सकाळपासून उभ्या आहात."

"डबा आणलाय मी," मी म्हणाले. ज्याच्यावर संशय त्याची भाकरी खायची नाही, हाही वडिलांचाच नियम. माझा सगळा संशय छबूताईंवर होता. शंभर बायकांची तपासणी दाखवायची, चाळीसच आल्या, मग एकीलाच फिरवून आणायची. असं मी दुसऱ्या गावांत पाहिलं होतं.

आमचे ड्रायव्हर मुलाणीचाचा मात्र मजेत दोन भाकऱ्या जेवले. "मॅडम, तुम्ही पिठल्यातसुद्धा खडा शोधता," ते म्हणाले.

"खडा असतो म्हणून शोधते."

तीन वाजता छबूताईंनी दारातून हाक दिली, "हौसा काळे!"

बाई आत आली. या वेळी निळी साडी. खुर्चीवर बसली आणि मी सांगायच्या आधीच तिने आ केला, अगदी मोठा. डावा सुळा वर. दाढ नाही. आणि आतला गाल जांभळाजर्द.

मी बॅटरी बंद केली. "छबूताई, दार लावून घ्या. बाहेरच्या बायकांना थांबायला सांगा."

दार लागलं. मुलाणीचाचा खिडकीबाहेर होते, तेही आत डोकावले.

"नाव?" मी विचारलं.

"हौसा काळे."

"खरं नाव."

बाईने पदर डोक्यावरून खांद्यावर घेतला. पंचविशी-तिशीतली, उंच, हाडापेराने मजबूत. घाबरलेली अजिबात दिसली नाही. "अंजिरा शेंडगे," ती म्हणाली. "सकाळी पयलं दावलं ते माजं. त्ये खरं."

"म्हणजे बाकीची तीन खोटी."

"तोंड खरंच हाय की माजं. नावंच तेवढी दुसऱ्यांची."

मी छबूताईंकडे वळले. "ही तुमची युक्ती?"

छबूताईंचा चेहरा उतरला. "मला माहीत होतं मॅडम. पण युक्ती माझी नाही."

"मग कशासाठी? आकडा भरायला?"

"आकड्याचं काय घेऊन बसलात!" छबूताई एकदम चिडल्या. मी त्यांना चिडलेलं पहिल्यांदाच पाहत होते. "कंपनीवाले कार्ड मागतात. हिरवं असलं तर नाव यादीत राहतं. तांबडं असलं की म्हणतात, आजारी बाई नको, कापडाला घाण लागंल, उद्या सुट्ट्या मागंल. पलीकडच्या गावच्या तिघींना तुम्ही तांबडी दिलीत ना चैत्रात? तिघी घरी बसल्यात. कोण येईल तोंड उघडायला?"

मला काय वाटलं ते सांगते. लाज वाटली. कंपनीने कार्ड मागायला सुरुवात केली तेव्हा मीच खूश झाले होते. आता बायका आपणहून येतील म्हणून. आल्याही होत्या. रांगा लागल्या होत्या. रांगेत कोण नाही, हे बघायचं मला सुचलं नव्हतं. तिकीट तपासणारीने गाडीत चढलेल्यांचीच तिकिटं तपासली होती.

"तानूबाई आणि ती दुसरी, त्यांना काय झालंय?"

"मशेरीचे पांढरे डाग हायत," अंजिरा म्हणाली. "म्या बघितल्यात. भ्यायासारकं न्हाई वाटलं."

"आणि हौसा काळे?"

इतका वेळ फटाफटा बोलणारी अंजिरा भिंतीवरच्या बाराखडीच्या तक्त्याकडे बघू लागली.

"हौसाला काय झालंय?"

"मला न्हाई सांगता यायचं."

"का?"

"न्हाई सांगता यायचं म्हंजे न्हाई. घर दावते. शाळंच्या मागंच हाय."

माझा संशय परत जागा झाला. इतक्या सहज घर दाखवते? पण मी बॅटरी आणि आरसा घेऊन निघाले. छबूताई म्हणाल्या, मी येत नाही, मी आले तर ती दार उघडायची नाही.

हौसाच्या अंगणात कंपनीचा निळा एप्रन वाळत होता, चुण्या काढून, दोन्ही बाह्या ताणून. पायरीवर एक म्हातारी, हौसाची सासू, मशेरी लावत बसली होती. हौसा आतून आली. अडतीस-चाळीसची असेल. अर्धं तोंड पदराने झाकलेलं. मला बघितलं, माझ्या हातातली बॅटरी बघितली, आणि अंजिराकडे वळली.

"तू सांगितलंस."

"न्हाई गं. लेकराची आन घेतलीया न्हवं म्या?"

"तिने काही सांगितलं नाही," मी म्हणाले. "मी पकडलं हिला."

हौसाने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. तिला माझा एक शब्दही खरा वाटला नाही. जन्मभर मी लोकांकडे असं बघत आले होते. असं कुणी आपल्याकडे बघितलं की हात कुठे ठेवावेत तेच कळत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

"कंपनीत कळवणार?" तिने विचारलं. बोलताना तोंडाची एकच बाजू हलत होती.

"आधी बघू द्या."

"बघितलं की तांबडं लिवणार."

"बघितल्याशिवाय मी जाणार नाही."

मी पायरीवरच बसले. म्हातारी आपली दात घासत होती. शेवटी हौसा माझ्यासमोर बसली आणि पदर काढला.

उजव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीला लागून, रुपयाएवढी जखम. कडा उचललेल्या. त्यात काळी मशेरी दाबून भरलेली. मी ती धुऊन काढली, बोटाने कड दाबून पाहिली. कडक. मी बोट काढलं आणि पुसलं.

"मशेरी दाबली की बधिर व्हतं," ती म्हणाली. "मग शिफ्ट निगती."

"कधीपासून आहे?"

"संक्रांतीपासनं."

तेव्हा श्रावण सुरू होता.

"हौसाबाई, हे साधं तोंड येणं नाही. आत्ता दवाखान्यात गेलात तर कापून काढता येईल. दिवाळीपर्यंत थांबलात तर काढता येणार नाही."

"कापल्यावर तोंड ऱ्हाईल?"

मी खोटं बोलले नाही. "थोडा जबडा जाईल कदाचित. जीव राहील."

ती हसली, अर्ध्या तोंडाने. "आन् काम?"

"जिवापेक्षा काम मोठं आहे का?"

"तुमाला न्हाई कळायचं," हौसा म्हणाली. "मालक वारले तवापासनं मी 'काळ्याची रांडाव'. त्याच्या आदी 'काळ्याची बायकू'. शाळंत कदी गेले न्हाई, तवा हजेरीत कुणी नाव घेतलं न्हाई. आता सकाळी सा वाजता बस येती. त्यो माणूस कागद काडतो आन् समद्या गावाम्होरं वरडतो, हौसा काळे! मी म्हनते, हजर. धा दिस न्हाई गेलं की नाव कटतं. दुसरी उबीच हाय." तिने एप्रनकडे पाहिलं. "नाव कटलं की ह्या पायरीवर बसायचं. म्हातारीसंगं मशेरी लावत."

माझ्याकडे जे उत्तर होतं ते दवाखान्याचं होतं, तिला हवं होतं ते बसचं.

तेव्हा अंजिरा बोलली. "माजी आई ह्यानंच गेली. गालाला भोक पडलं व्हतं, बाई. पानी पाजलं की भाईर यायचं. म्या पुसत बसायची. बारा वर्साची व्हते. तवापासनं म्या मशेरीला हात लावला न्हाई. आन् ग्रामपंचायतीत मरनाच्या दाखल्यावर काय लिवलं, ठावं हाय? अशक्तपणा." ती हौसासमोर उकिडवी बसली. "तू जा दवाखान्यात. तुज्या मशिनीवर म्या बसते."

"तुला कोण बसू दील?"

"तिथं समद्या स्कार्फ बांदून असत्यात. डोळं दिसत्यात निस्तं. शिलाई मला येती. हौसा काळे म्हनलं की हजर म्हनायचं, त्यात काय शिकायचंय?"

दोघीही माझ्याकडे बघू लागल्या. माझ्या पिशवीत दोन गठ्ठे होते, हिरव्या कार्डांचा आणि तांबड्या कार्डांचा. वडिलांनी चौतीस वर्षांत बिनतिकीट माणूस सोडला नाही. एकदा सख्ख्या मेव्हण्यालाही उतरवलं होतं. मी हिरवं कार्ड काढलं. नाव लिहिलं, हौसा काळे. कार्डाच्या मागे तोंडाचा नकाशा असतो, दात मोजून त्यावर खुणा करायच्या. तिथे मी डावा सुळा वर काढला, उजवीकडची दाढ खोडली आणि ओठाच्या आत एक ठिपका दिला. मग सही केली.

दवाखान्याची चिठ्ठी मात्र मी खरी लिहिली. "मंगळवारी मुलाणीचाचा गाडी घेऊन येतील," मी म्हणाले. "तुम्ही बसमध्ये नाही, त्या गाडीत बसायचं."

हौसाने दोन्ही कागद घेतले. हिरवा कागद चोळीत ठेवला. चिठ्ठी उलटसुलट करून बघितली, जणू तिच्यातही कुठेतरी तांबडं असणार.

पण मंगळवारी ती आली. त्या वर्षी पळसखोरीचा आकडा शून्याचा एक झाला, आणि मला मेमो आला. एवढी वर्षं नव्हता तो आजार आताच कसा आला, याचा खुलासा करा.

खुलासा मी केला नाही. त्याच्या आधीच कंपनीतून फोन आला.

कंपनीचे सुपरवायझर करंबेळकर नावाचे होते. स्वच्छ शर्ट, हळू आवाज. मला ऑफिसात बसवून चहा मागवला. "मॅडम, एक्केचाळीस नंबरच्या मशीनवरची बाई कार्डावरची नाही, अशी तक्रार आलीय. कार्डावर फोटो नसतो, ती तुमची चूक. पण तुमचे ड्रायव्हर टपरीवर सांगत होते, तुम्ही म्हणे तोंड बघून माणूस ओळखता."

मी मनात मुलाणीचाचांना दोन शिव्या दिल्या.

अंजिराला आत आणलं. स्कार्फ, निळा एप्रन, हौसाचाच. करंबेळकरांनी दार लावलं आणि कार्ड टेबलावर उलटं ठेवलं, नकाशा वर येईल असं. त्यांनी माझ्या हातातली बॅटरी मागून घेतली. माणूस पक्का होता. माझे वडील त्याला भेटले असते तर त्यांचं चांगलं जमलं असतं.

"आ करा," मी म्हणाले.

अंजिराने आ केला. करंबेळकर वाकून बघू लागले, एक डोळा कार्डावर. "सुळा वर... हो. दाढ... नाही, बरोबर. ओठ उलटा बघू. ठिपका..." ते सरळ झाले. पण बॅटरी त्यांनी परत दिली नाही. ती माझ्या चेहऱ्यावर धरावी की काय, असं त्यांच्या मनात आलं असावं. "मॅडम, कागद जुळतो. तरी मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. हीच हौसा काळे?"

समोरचा चहा तसाच होता, वडिलांच्या नियमाप्रमाणे.

"हीच," मी म्हणाले. "मी तोंडं विसरत नाही."

गेटपर्यंत अंजिरा मला सोडायला आली. जेवणाची सुट्टी झाली होती. आडोशाला आल्यावर मी तिच्यावरच चिडले. "त्या दिवशी तू चौथ्यांदा आलीच नसतीस तर यातलं काही झालं नसतं. गाल जांभळा केला होता मी तुझा! कळलं नाही तुला? दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचं."

"कळलं की," अंजिरा म्हणाली. "तवाच कळलं. घरी जाऊन आरशात बघितलं."

"मग?"

"तिसऱ्या नावापतुर लपूनछपून येत व्हते. हौसाच्या नावाला मुद्दाम आले." तिने स्कार्फची गाठ सैल केली. "कुनाला सांगनार न्हाई अशी लेकराची आन घातली व्हती तिनं मला. पकडली जानार न्हाई अशी न्हवती घातली."

मला वाटत होतं, तिला मी पकडलं.

त्या वर्षाअखेर मी कार्डांचे रंग बंद केले. भांडून, तीन पत्रं लिहून. सगळी कार्डं पांढरी झाली आणि आतलं फक्त बाईला नि डॉक्टरला कळू लागलं. पलीकडच्या गावच्या तिघींपैकी दोघी परत कामाला लागल्या. तिसरी तोवर राहिली नव्हती. तिच्या दाखल्यावर काय लिहिलं ते मी बघून आले.

माघात एका सकाळी मी सहाच्या आधी पळसखोरीच्या चौकात जाऊन उभी राहिले. अंजिराही शेजारी येऊन उभी राहिली, कडेवर लेकरू. बस आली. त्या माणसाने कागद काढला आणि एकेक नाव ओरडू लागला. हौसा रांगेत होती. उजवा गाल आत गेलेला, त्यावर स्कार्फ घट्ट बांधलेला.

"हौसा काळे!"

सवयीने अंजिराचं तोंड उघडलं. तिने स्वतःच्याच हाताने ते दाबून धरलं.

रांगेतून जो शब्द आला तो धड नव्हता. जीभ वळत नव्हती, अर्धा शब्द गालातच राहिला. तो माणूस थांबला, मान वर करून रांगेकडे संशयाने बघू लागला आणि पुन्हा ओरडला, "हौसा काळे?"

हौसाने स्कार्फ खाली ओढला, अर्धं तोंड सगळ्या गावासमोर उघडं केलं आणि परत म्हणाली. या वेळी चौकातल्या सगळ्यांना ते नीट ऐकू आलं.